तिसरा ठिपका

“आई, तिन्ही ठिपके एका रेघेत यायला पाहिजेत. एक जरी बाजूला गेला तर समजायचं, कुठंतरी माती खाल्ली,” असं म्हणून लेकीनं पट्टी आईच्या हातात दिली.

इस्पितळातल्या या आयाबाईंनी चव्वेचाळिसाव्या वर्षी दहावीचा फॉर्म बाहेरून भरला होता. वॉर्डात मदतनिसाची जागा निघणार होती आणि तिला दहावी पास लागत होतं. तेवीस वर्षं रोग्यांना उचलून त्यांची कंबर कामातून गेली होती. नवरा म्हणाला, “आता या वयात?” पण त्या दिवसापासून भांडी तोच घासू लागला.

आलेखात आडवा क्ष, उभा य, हे त्यांना चटकन कळलं. खाटांना टांगलेले तापाचे तक्ते त्यांच्या रोजच्या बघण्यातले होते. गाडी अडायची ती उणे संख्येपाशी.

“उणे वजा केलं की अधिक? हे कुठलं शहाणपण?”

“अगं, ‘नाही असं नाही’ म्हणजे ‘आहे’च ना?”

हे मात्र त्यांना पटलं.

परीक्षेत आलं, दोन क्ष अधिक य बरोबर सात. क्ष शून्य, तर य सात. क्ष एक, तर य पाच. क्ष उणे एक, तर पुन्हा पाच. त्यांनी ठिपके मांडून पट्टी लावली. ती दोनच ठिपक्यांना धरत होती, तिसरा खाली राहिला होता.

“शेवटची दहा मिनिटं,” पर्यवेक्षक बाई म्हणाल्या.

तिसरा ठिपका पुसून पट्टीच्या कडेला बसवता आला असता. पण चुकलेला तोच, कशावरून? आयाबाईंनी तिन्ही गणितं पहिल्यापासून केली. नाही असं नाही, म्हणजे आहे. पाच नव्हे, नऊ. नवा ठिपका दिला आणि रेघ तिन्हींतून सरळ गेली.

गणितात एकेचाळीस मिळाले. गुणपत्रिका घेऊन त्या मेट्रनकडे गेल्या.

“जाहिरात उशिरा निघाली हो,” मेट्रन खालमानेनं म्हणाल्या. “वयाची अट पंचेचाळीसची आहे. तुम्हाला दोन महिने जास्त होतात.”

“बरं,” आयाबाई म्हणाल्या आणि सात नंबरची चादर बदलायला गेल्या.

घरी लेक रडली. “रडतेस कशाला? पास झालेय ना मी!” म्हणून त्यांनीच तिची समजूत काढली.

पुढच्या महिन्यात सगळ्यांची ओळखपत्रं नव्यानं करायची होती. कारकून जुन्या नोंदी बघून भराभर फॉर्म भरत होता. शिक्षणाच्या रकान्यात त्यानं न विचारताच ‘सातवी’ लिहिलं.

“दहावी,” आयाबाई म्हणाल्या.

“काय फरक पडतो, बाई? काम तर तेच ना?”

“लिहा.”

मागं रांग चुळबुळत होती. कारकुनानं सातवीवर काट मारली आणि वर बारीक अक्षरात दहावी लिहिलं. आयाबाईंनी वाकून ते वाचलं आणि मग सही केली.