ज्ञानूचा उपास

सकाळी ज्ञानूचा डबा भरायला सविताला अर्धा तास लागायचा. तसं त्या डब्यात असायचं काय? दोन चपात्या आणि भेंडीची नाहीतर बटाट्याची भाजी. पण ती भाजी सविता आधी स्वतः दोनदा चाखायची. कढई वेगळी, पळी वेगळी, पोळपाटसुद्धा वेगळा. तरी शाळेची मधली सुट्टी संपेपर्यंत तिचं सगळं लक्ष मोबाईलकडं असायचं. कुणी काही दिलं असेल का? पोरीनं तोंडात घातलं असेल का? सुट्टी संपली आणि मोबाईल वाजला नाही, की मग कुठं ती घोटभर चहा घ्यायची.

ज्ञानेश्वरी सात वर्षांची, सविता आणि राम यांची एकुलती एक. तिला शेंगदाणा चालत नव्हता. आवडत नव्हता असं नव्हे हो. दाण्याचं चिमूटभर कूट पोटात गेलं तरी अंगभर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, श्वास कोंडायचा. अडीच वर्षांची असताना एकदा झालं, पाचव्या वर्षी जावळाच्या एका जेवणात पुन्हा झालं. तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "ही ॲलर्जी जीव घेऊ शकते. घरात, शाळेत, नात्यागोत्यात सगळ्यांना सांगून ठेवा. लपवू नका."

आता पाथर्डी तालुक्यातल्या घरात शेंगदाण्यावाचून स्वयंपाक होतो का? आमटीत कूट, चटणीत कूट, वांग्यात कूट. पण सविताला अडचण त्याची नव्हती. अडचण होती ती सगळ्यांना सांगण्याची. दवाखान्यातून घरी आल्या आल्या सासूबाईंनी, मुक्ताबाईंनी, तिला समोर बसवलं होतं.

"येका शब्दानं बोलायचं न्हाई कुटं. पोरीची जात हाय. रोगट म्हनून नाव पडलं, तर उद्या हिला करनार कोन? आन ज्योतीचं अजून व्हायचंय. लोक म्हनतील, घराण्यातच खोट हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ज्योती म्हणजे रामची धाकटी बहीण. तिचं एक वेळ समजू. पण पाच वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी! पोर जगली तर तिचं लग्न होईल, एवढी साधी गोष्ट त्या बाईच्या ध्यानात आली नाही. बरं, मुक्ताबाई काही दुष्ट नव्हत्या. नातीच्या केसांना तेल लावल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. पण मुलीचं दुखणं झाकायचं, ही रीत त्यांनी आईकडून घेतली होती, आणि त्यांच्या आईनं तिच्या आईकडून. राम म्हणाला, "ज्योतीचं येकदा उरकू दे, मग सांगू." सवितानं मान डोलावली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग आजीनं नातीलाच पढवलं. कुणी काही खायला दिलं, तर म्हणायचं, माझा उपास हाय. बस्स.

त्यानं पोर मात्र आतून सुकत चालली. घास उचलला की आधी वास घ्यायची. नखं कुरतडून बोटं लाल करायची. सुटलेली सवय परत लागून अंथरूण ओलं होऊ लागलं. कुणाच्या वाढदिवसाला जायचं म्हटलं की फतकल मारून रडायची. मागल्या महिन्यात एका मैत्रिणीनं लाडू पुढं केला, तर हिनं तिला असं ढकललं की त्या पोरीचं कपाळ बाकावर आपटलं. वर्गाच्या सुमैराबाईंनी सविताला बोलावून घेतलं.

"घरात काही ताण आहे का? ही हट्टी नाहीये हो. हिला कसली तरी भीती वाटते."

सविताच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "न्हाई बाई, आमची जरा लाडावलीय." आणि घरी येऊन तिनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला. ज्ञानू रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. त्या बघण्याची सविताला मारापेक्षा जास्त भीती वाटली. आपली पोर आपल्याला काही सांगायचीच बंद झाली तर?

त्या गुरुवारी ज्योतीची सुपारी फुटायची होती. शेवगावकडचं स्थळ. पाहुणे अकराला आले. अंगणात मांडव, आचाऱ्याची आमटी, तिच्यावर तरंगणारं तेल आणि कूट. सविताचा एक डोळा पातेल्यांवर आणि एक पोरीवर. पण घरच्या सुनेला एका जागी उभं राहता येतं होय? पाणी, पानं, चहाचं विचारा, हळदकुंकू. पाहुण्या बायांना चहा देऊन ती वळली, तेव्हा ज्ञानू मुलाच्या आईच्या, पुष्पावतीबाईंच्या मांडीशी उभी होती. कपबशा विसळून परत आली, तर नव्हती.

"लई गुनाची पोर हाय तुमची," पुष्पावतीबाई कौतुकानं म्हणाल्या. "गुलाबजाम दिला तर म्हनती, माझा उपास हाय. म्हनलं, आगं, माझा बी गुरुवारच हाय. मंग माझ्या डबीतला लाडू भरवला तिला."

"कशाचा लाडू?" सविताचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"उपासाचा. दान्याचा आन गुळाचा. दुसरा कशाचा असतोय?"

कशाचा असणार? अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे उपासाचा लाडू कशाचा असतो. फक्त मुक्ताबाईंच्या ध्यानात ते राहिलं नव्हतं. पोरीला एकच वाक्य शिकवलेलं, ते तर बोलून झालं होतं. पुढं काय म्हणायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि पाहुणीच्या हातातला लाडू ओठांपर्यंत आला होता.

सविता आत वळली. स्वयंपाकघर पाहिलं, माडी पाहिली, गोठा पाहिला. "ज्ञानू, ज्ञानू" करत फिरली, पण दबक्या आवाजात, कारण मांडव भरलेला होता. काय वेळ आली बघा, मरणाच्या दारातल्या लेकरालासुद्धा हळूच हाक मारायची. ओसरीत सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"काय झालं गं?"

"दान्याचा लाडू खाल्लाय तिनं. आन सापडत न्हाई."

मुक्ताबाईंचा चेहरा पांढरा पडला. पण मनगट काही सुटलं नाही. "हळू बोल. सुपारी फुटायलीच हाय. धा मिनटं."

दहा मिनिटं. जावळाच्या जेवणात ज्ञानूचे ओठ निळे पडायला किती वेळ लागला होता, ते सविताला आठवत होतं. दहा मिनिटं नव्हती लागली. तिनं हात हिसडला आणि थेट मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पाटावर नारळ, सुपारी, हळदकुंकू. पाटाशी राम. चाळीस-पन्नास माणसं.

"सुपारी ठिवा खाली," ती म्हणाली. "माझी पोर सापडंना. तिला शेंगदान्याची ॲलर्जी हाय. खाल्ला की श्वास कोंडतो तिचा. मरंल ती. कुनी बघितली का, सांगा."

राम उठला. आणि मागून, ओसरीतून मुक्ताबाई पुढं आल्या.

"न्हानीत बघ," त्या पुटपुटल्या. "अंगावर उठलं तर न्हानीत जाऊन कडी लाव, पाहुने जाईस्तवर भाईर येऊ नको, असं मीच सांगितल्तं तिला."

न्हाणीची कडी आतून लागलेली होती. हाकेला ओ नाही. रामनं खांद्यानं तीन धडका दिल्या तेव्हा बिजागरी उखडली. ज्ञानू बंबाच्या आडोशाला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओठ भाकरीसारखे टम्म फुगलेले, डोळे मिटल्यागत, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज. दोन्ही हात तिनं स्वतःच्याच तोंडावर दाबून धरले होते. खोकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर परवेझ हातातलं ताट टाकून धावला. "वहिनी, बसा. मोठी गाडी हाय, आडवी घ्या तिला." सरकारी आरोग्य केंद्र सहा किलोमीटरवर. मागच्या सीटवर सविताच्या मांडीवर पोरीचं डोकं होतं. एक श्वास यायचा, मग काहीच नाही, मग पुन्हा एक. त्या मधल्या थांबण्यात सविता देवाला आठवत नव्हती, कुणालाच आठवत नव्हती. "घे गं बाई, अजून येक घे," एवढंच म्हणत होती.

केंद्रावरच्या डॉक्टरबाईंनी एकही प्रश्न न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. काही मिनिटं गेली. शिट्टी बारीक झाली. मग ओठांवरचा निळेपणा उतरायला लागला, तसा रामनं भिंतीला टेकून तोंड झाकून हुंदका दिला. एवढ्यात मागून दुसरी गाडी आली. मुक्ताबाई, ज्योती, पुष्पावतीबाई, सगळे दाराशी गोळा झाले.

डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या. "आधी कधी असं झालं होतं?"

"न्हाई," मुक्ताबाई झटकन म्हणाल्या. "पहिल्यांदाच. काय बी माहीत नव्हतं आमाला." आणि त्यांनी चोरून पुष्पावतीबाईंकडे पाहिलं.

सविताला क्षणभर वाटलं, आपण चुकून ऐकलं. पोरीच्या तोंडावर ऑक्सिजन असताना?

"खोटं हाय ते," ती म्हणाली. "तिसरी येळ हाय ही. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं हुतं, समद्यांना सांगा म्हनून. आमी लपवलं. सासूबाईंनी लपवलं, यांनी लपवलं, आन मी तिची आई आसून लपवलं. लिहा तसं."

डॉक्टरबाईंनी लिहिलं. पुष्पावतीबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. "मला नुसतं सांगितलं आसतं," त्या मुक्ताबाईंना म्हणाल्या. "मी काय वैरीन हुते का? माझ्या या हातानं भरवला की हो." सोयरिकीचं त्यांनी काढलं नाही, आणि विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. ती सोयरीक राहील की मोडेल, हे त्या घडीला कुणालाच ठाऊक नव्हतं.

तासाभरानं ज्ञानूनं डोळे उघडले. आईचा चेहरा दिसला तरी ती हसली नाही. घाबऱ्या डोळ्यांनी तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"आई, पाहुने गेले का?"

"न्हाई गं. हितंच हायेत."

ज्ञानूनं घाईघाईनं चादर ओढली आणि सुजलेलं तोंड झाकून घेतलं.

सविताला न्हाणीत जे दिसलं त्यापेक्षा जास्त धसका या एका हालचालीचा बसला. इंजेक्शननं श्वास परत आला होता. ही लाज पोरीच्या अंगातून कोण काढणार होतं? तिनं चादर हळूच खाली घेतली. ज्ञानू पुन्हा ओढू लागली, तसा तिचा हात हातात धरून ठेवला आणि दाराकडं वळून म्हणाली, "भाईर का उभे ऱ्हायलाय? आत या समदे. बघा हिला."

कुणी हललं नाही. मग ज्योती पुढं आली. सुपारीचं कुंकू कपाळावर तसंच होतं. ती खाटेशी बसली आणि भाचीच्या सुजलेल्या गालावर हात फिरवत राहिली.