माया न ठेवलेलं कापड

कात्रीबाई हे नाव गल्लीनं ठेवलेलं. कात्री कापडावर चालायची तशी जीभ माणसांवर, आणि धार दोन्हीला सारखीच. अर्ध्या गावाचे कपडे बाईंनी शिवले. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, एक गिऱ्हाईक कॉलर वाकडी म्हणून शर्ट काउंटरवर टाकून गेलं, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. पुढं ऑपरेशन झालं, लख्ख दिसायला लागलं, मशीन घरी मागच्या खोलीत आलं, पण त्यावरचं कव्हर काही निघालं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "पुरे झालं. जन्मभर का लोकांच्या पोटांची मापं घ्यायची?" खरं म्हणजे त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता, आणि हे त्या कोणाला सांगणार नव्हत्या.

सून शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी समुद्रावर असायची. तिनं जुनी शिडाची बोट घेतली होती. बोट तरी कसली, दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, आडव्या दांड्यांनी जोडलेल्या, मधे ताणून बसवलेलं जाळीचं कापड, आणि बसायचं त्या कापडावर. "शहाणी माणसं दोन डगरींवर पाय ठेवत नाहीत. आमची सून तशीच समुद्रात जाते," असं कात्रीबाई गल्लीभर सांगत. तक्रारीच्या सुरात सांगत, पण सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

एका वादळात ती बोट धक्क्याच्या भिंतीवर आपटली. सुकाणूची खीळ तुटली, डोलकाठीची तार तुटली, डाव्या होडीला हातभर भेग पडली आणि मधलं कापड टराटरा फाटलं. सुनेनं सगळं अंगणात आणून मांडलं आणि पदर खोचल्यासारखी कामाला लागली. भेगेवर काचतंतूंचं कापड रेझिननं चिकटवलं, पॉलिश पेपरनं घासून घासून असं गुळगुळीत केलं की जोड बोटाला लागेना. खीळ नवी आली, तार नवी आली. बाईंचे चिरंजीव चहाचा कप घेऊन पायरीवर बसले होते आणि उंटावरून शेळ्या हाकत होते. अडलं ते कापडापाशी. असल्या बोटी बनवणं कंपनीनं कधीच बंद केलं होतं, त्यामुळे तयार कापड मिळेना.

"आई, तुम्ही शिवाल?" सुनेनं विचारलं.

"मी? मला साधी कॉलर बसवता येईनाशी झालीये."

"कॉलर नकोच आहे. मी बसणार आहे त्याच्यावर."

कात्रीबाई उठल्या आणि मागच्या खोलीत गेल्या.

मशीनवरचं कव्हर निघालं. सुनेनं जाड जाळी आणि समुद्रात न कुजणारा दोरा आणून दिला. बाईंनी बोटीचं माप घेतलं, दोनदा घेतलं, आणि चारी बाजूंनी चार-चार बोटं माया ठेवून कापड बेतलं. माया ठेवल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही बेतलं नव्हतं. मूल वाढतं, बाई बाळंत होते, पुरुष सुटतो. कपड्याला माया हवी. कडा दुमडतानाही अंगाला काचू नये म्हणून त्यांनी थोडं सैलच सोडलं, सवयीनं.

कापड होड्यांच्या खाचांत सरकवलं, कापडाच्या मागच्या कडेच्या रिंगांतून दोरी ओवली आणि ओढली. रिंगा दांडीला जाऊन टेकल्या, ओढायला पुढं जागाच उरली नाही. सून वर उभी राहिली तशी गुडघाभर खाली गेली.

"वा! झोपायला मस्त झालंय," चिरंजीव म्हणाले.

"तुमच्या होड्याच वाकड्या आहेत!" कात्रीबाई कडाडल्या. नाचता येईना अंगण वाकडं, हे बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं. त्या आत गेल्या आणि मशीनवर कव्हर घालून पाठमोऱ्या बसून राहिल्या.

सून मागोमाग आली. "आई, चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं. हे कापड मापाचं नाही चालत, मापापेक्षा थोडं कमी लागतं. मग दोरीनं ओढून ताणायचं. ह्यात माया ठेवायची नाही."

"माया ठेवायची नाही?" कात्रीबाई वळल्या. "हे सुनेनं सासूला शिकवायचं? बरं आहे बाई!"

दोघींना असं हसू फुटलं की चिरंजीव काय झालं म्हणून बघायला आले. त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

पण हसून कापड थोडंच लहान होतं? बाईंनी टीप न् टीप उसवली. कात्री हातात घेतली आणि तशाच उभ्या राहिल्या. कापड तेवढंच होतं. जास्त कापलं तर जोडता येणार नव्हतं. मधोमध एक पट्टा शिवायचा होता. वाऱ्यानं बोट कलंडू नये म्हणून त्यात पाय अडकवून सून पाण्यावर पाठ टाकून वाकायची, म्हणजे तिचा सगळा भार त्या टाक्यांवर. टाका चुकला तर ते शर्टासारखं परत येणार नव्हतं, पोरीच्या जिवावर बेतणार होतं. बाईंनी श्वास घेतला आणि कात्री चालवली. सरळ, एका दमात. कडेला दुहेरी टीप घातली, पट्ट्याला चौकट मारून वर तिरप्या टिपा घातल्या.

ह्या वेळी दोरी ओढायला तिघंही लागले. कापड कुरकुरलं, ताणलं गेलं आणि थाप मारली तर ठणठणलं. सून पाय टाकणार एवढ्यात कात्रीबाईंनी तिला मागं सारलं.

"थांब. आधी मी."

त्या वर चढल्या आणि मधोमध उभं राहून त्यांनी उड्या मारल्या. शेजारच्या खिडक्या उघडल्या. बाईंनी त्या सगळ्या उघडेपर्यंत उड्या मारल्या.

मग समुद्रावरही त्या गेल्याच. नको म्हणायची कोणाची छाती होती? लाइफ जॅकेट घालून कापडावर बसल्या, पट्टा मुठीत धरून. वारा भरला, शीड फुगलं, आणि त्यांच्या बाजूची होडी पाण्यातून हळूच वर उचलली गेली. सुनेनं पट्ट्यात पाय अडकवले आणि ती बाहेर वाकली. पण बेतानंच, सासूकडे बघत बघत.

कात्रीबाईंनी शिवणीवर तळवा ठेवला. दोघींचा भार, वाऱ्याची ओढ, सगळं त्या शिवणीवर आलं होतं. टीप तशीच सरळ होती, एक टाका हललेला नव्हता. त्यांचा ऊर भरून आला. हा आपलाच हात, दुसऱ्या कोणाचा नाही, असं त्यांना मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

"अशी अवघडून काय वाकतेस?" त्या वाऱ्यावर आवाज चढवून ओरडल्या. "टाक अंग! मी शिवलंय ते!"

सुनेनं शिडाची दोरी घट्ट धरली आणि केस पाण्याला लागेपर्यंत पाठ टाकून दिली.