मी बंद पडलो नव्हतो

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. पण बिघडलेला म्हणू नका. मी एक जुना पाण्याचा पंप आहे. दोन मुठींएवढे माझे अंग. पोटात एक लोहचुंबक, त्याला जोडलेला इवलासा पंखा आणि पाठीमागे लांब काळी वायर. एवढाच माझा संसार. खालच्या टाकीतले पाणी वरच्या टाकीत चढवायचे, हे माझे काम. ते मी तीन वर्षे इमानाने केले, आणि तरीही माझ्या नावाला बट्टा लागला. तो कसा लागला, हे तुम्हाला सांगायचे आहे.

मी जन्मलो त्या कारखान्यात निळी टोपी घातलेली एक बाई होती. प्रत्येक नवा पंप ती टबात बुडवून चालवायची आणि कान लावून ऐकायची. माझ्या वेळी ती म्हणाली, "हा गुणी आहे, तोंडातून अवाक्षर काढत नाही," आणि तिने मला खोक्यात ठेवले. ती माझ्या वाट्याला आलेली पहिली शाबासकी.

शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानात मी चार महिने फळीवर बसून होतो. मग एके दिवशी एक म्हातारा आला. त्याला सगळे बोटवाले आजोबा म्हणत. मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात त्याने चौतीस वर्षे फिटर म्हणून काढली होती. उजवा कान तिथल्या धडधडीने कामातून गेला होता. त्याने मला खोक्यातून काढले, पंखा बोटाने फिरवला आणि दुकानदाराला म्हणाला, "समुद्रावर जन्म काढला हो, पण खाली, इंजिनापाशी. समुद्र काही धड बघितला नाही. आता घरी आणतो."

घरात दोघेच होते. तो आणि त्याची मुलगी. ती घरातूनच नोकरी करायची. कानाला हेडफोन लावून सकाळी नऊ ते एक लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि गोड आवाजात उत्तरे द्यायची. तिचे टेबल एका भिंतीला, आमची टाकी समोरच्या भिंतीला. मध्ये जेमतेम आठ पावले.

टाकी आली त्या दिवशीच मासे येतील, असे मुलीला वाटले होते. पण म्हाताऱ्याला घाई ठाऊक नव्हती. त्याने आधी कपाट पाणसळ लावून सपाट केले. वर मोठी काचेची टाकी ठेवली, खाली कपाटात छोटी. गाळलेल्या पाण्यात मीठ मोजून विरघळवले. तळाला पांढरी वाळू पसरली, तिच्यावर भोकाभोकांचे दगड रचले. मग मला छोट्या टाकीत सोडले आणि बटण दाबले. सहा आठवडे टाकीत एकही मासा नव्हता. म्हातारा रोज काचेच्या नळीत पाणी घ्यायचा, त्यात थेंब टाकायचा, रंग बघायचा आणि वहीत लिहायचा.

"बाबा, हे पाणी बघायला पाहुणे बोलवायचे का?" मुलगी विचारायची.

"पाणी पिकू दे गं. कच्च्या पाण्यात मासा टाकला तर दोन दिवसांत मान टाकेल."

सातव्या आठवड्यात दोन नारिंगी मासे आले, अंगावर पांढरे पट्टे असलेले. मोठ्याचे नाव त्याने ठेवले सारंग, कारण तो जहाजावरच्या खलाशांच्या मुकादमासारखा सगळ्यांवर डाफरत फिरायचा. धाकट्याचे नाव भंडारी, कारण तो जहाजावरच्या आचाऱ्यासारखा सतत खाण्यापाशी. मागून एक लाल कोळंबी आली आणि शंखात राहणारा एक खेकडा.

पण माझ्या पाठोपाठ घरात एक भांडणही आले होते. ते आवाजाचे.

मी स्वतः गप्प असलो, तरी सगळे सामान मिळून भारी कलकलाट करायचे. मी काचेच्या तळाला टेकलेलो, त्यामुळे माझी थरथर काचेत जायची, काचेतून कपाटात आणि कपाटातून फरशीत. वरून खाली येणारे पाणी नळीत हवा ओढायचे आणि गुळण्या केल्यासारखे वाजायचे. पाण्यातला मळ फेसातून काढणारे यंत्र सूं सूं करत बसायचे. मुलीच्या फोनवर एका गिऱ्हाईकाने विचारले, "ताई, तुमच्या मागे कोणी आंघोळ करतंय का?" ती हसली नाही. तिच्या कंपनीत कोणीतरी अधूनमधून हे फोन ऐकायचे आणि मागे आवाज आला की समज द्यायचे.

"बाबा, एक तर मी राहीन नाहीतर हा धबधबा," ती म्हणाली.

म्हातारा इंजिनघरातला माणूस. आवाज हा त्याच्या हातचा विषय. मात्र कान उजवा गेलेला आणि डावाही अर्धाच. तो लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक कपाटाला लावायचा आणि मूठ कानामागच्या हाडाला. तेवढ्यावरून थरथर कुठून येते ते त्याला कळायचे. पण खोलीत किती ऐकू जाते, ते मुलीलाच सांगावे लागायचे.

"आता?"

"अजून येतोय."

"आणि आता?"

"आता थोडा कमी. बाबा, मी ओरडून सांगतेय, तुम्हाला ऐकू येत नाहीये का?"

"ऐकू आलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

तेव्हा मात्र ती हसली. आठ-दहा संध्याकाळी दोघे त्या कपाटापुढे बैठक मारून होते. माझ्या खाली जाड स्पंज आला. कडक नळी काढून तिथे मऊ रबरी नळी बसवली. उतरत्या नळीला झडप लावून ती इतकी आवळली की नळी पाण्याने भरून वाहू लागली आणि हवा ओढायची थांबली. तिचे टोक पाण्याखाली बोटभर बुडवले, म्हणजे खळखळ नाही. फेसाच्या यंत्राच्या नाकाला बारीक भोकांची टोपी घातली. कपाटाच्या दारांना आतून फोम चिकटवला आणि मागची बाजू हवेसाठी उघडी ठेवली. शेवटच्या दिवशी मुलगी खुर्चीत डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "बाबा, मशीन चालू आहे ना?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस. लहानपणी त्या मुलीला बाप दोन-दोन वर्षे दिसायचा नाही, हे मी नंतर ऐकले. त्या संध्याकाळी तिला तो पहिल्यांदाच मनासारखा मिळाला असावा. पण आवाज थांबला आणि कपाटापुढची बैठकही मोडली. ती आपल्या टेबलाशी गेली. तो मात्र टाकीशीच राहिला. तासन् तास माशांकडे बघत, माझ्याशी पुटपुटत. मी तेव्हा खूश होतो. तिच्या बाजूने बघायचे मला सुचलेच नाही.

तीन वर्षांनी म्हाताऱ्याचा गुडघा बदलायचे ठरले. बारा दिवस दवाखान्यात राहायचे होते. जाण्यापूर्वी त्याने कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला. माशांना चिमूटभर खाणे. खालच्या टाकीत रोज एक जग साधे पाणी, कारण पाणी वाफेने उडते. आणि मोठ्या अक्षरांत, बोर्ड बंद करायचा नाही. त्या बोर्डवर मी, पाणी गरम ठेवणारी कांडी, लाटा करणारा छोटा पंखा, सगळेच होतो.

मुलीने पहिले दोन दिवस पाणी घातले. मग दवाखाना, डबा, औषधे आणि नोकरी यांत तिची ओढाताण झाली आणि जग राहून गेला. चार दिवसांत खालच्या टाकीतले पाणी माझ्या तोंडापर्यंत उतरले. मी पाण्याबरोबर हवा ओढू लागलो आणि माझ्या घशातून घरघर सुरू झाली. मी एरवी कधी आवाज केला नव्हता. तो आवाज म्हणजे मला तहान लागल्याची ओरड होती. एक जग पाणी पुरले असते.

पण तिने कपाट उघडून बघितले नाही. तिला कंपनीतून दोनदा समज मिळाली होती. तिसऱ्यांदा नोकरी जाणार होती. तिने नऊ वाजता बोर्डचे बटण बंद केले आणि एक वाजता चालू केले. दुसऱ्या दिवशी तेच. चार तास मासे कसेबसे निभावून न्यायचे. सारंग पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडमीट करायचा. मी पुन्हा सुरू झालो की खाली जायचा.

त्या शुक्रवारी तिला कंपनीच्या शिबिरासाठी दोन दिवस बाहेरगावी जायचे होते. दवाखान्यात धाकटा काका बसणार होता. एक वाजता तिने हेडफोन काढला. खाली कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. ती पिशवी उचलून धावत सुटली. दाराला कुलूप लागले. बटण बंदच राहिले.

मी टाकीच्या तळाशी गप्प पडून होतो. वरचे पाणी थांबले, गार झाले. रविवारी संध्याकाळी ती परतली, तेव्हा सारंग आणि भंडारी दोघेही तरंगत होते. लाल कोळंबीची पांढरी झाली होती. पाण्याला वास सुटला होता. ती बराच वेळ टाकीपुढे उभी राहिली. मग तिने जाळीने मासे काढले आणि कागदात गुंडाळले. दारामागचा कागदही तिने फाडला.

सोमवारी म्हातारा वॉकर टेकत घरी आला. तिने दारातच सांगितले, "बाबा, मी बाहेरगावी गेले आणि पंप बंद पडला."

शेजारी विचारायला आले, त्यांनाही तिने तेच सांगितले. पंप बंद पडला. म्हातारा तीन दिवस मासे नसलेल्या टाकीकडे पाठ करून बसला. चौथ्या दिवशी सकाळी त्याने स्टूल ओढले, मला बाहेर काढले आणि वर्तमानपत्रावर ठेवून उघडले. पंखा धड होता. चुंबक धड होते. आस सरळ होता. त्याने सगळे पुसून परत जोडले, बादलीत पाणी घेतले, मला त्यात सोडले आणि प्लग लावला.

मित्रांनो, त्या घटकेला मी चाललो नसतो, तर त्या घरातले पुढचे सगळे टळले असते. पण मला खोटे चालता येत नाही. बटण दाबले आणि मी चालू लागलो.

मुलगी दारात उभी होती.

"हा चालतोय," म्हातारा म्हणाला.

"मग तेव्हा अडकलं असेल काहीतरी."

"काय अडकलं असेल?"

"मला काय माहीत? मी फिटर आहे का?"

"बोर्ड बंद केला होतास?"

तिची नजर कपाटाच्या दाराकडे गेली. मग म्हणाली, "रोज करत होते. घरघर करायचा तो. नोकरी चालली होती माझी."

"पाणी कमी झालं की करतो घरघर. फोन करायचा मला."

"तुमचा गुडघा चिरलेला, आणि मी फोन करून पंपाचं विचारू?"

"बरं. मासे गेले ते गेले, माणूस चुकतो. पण पंप बंद पडला असं का सांगितलंस?"

"कारण तुम्हाला त्याचीच काळजी आहे!" ती एकदम फुटली. "मला ताप यायचा तेव्हा तुम्ही बोटीवर. आई गेली तेव्हा तुम्ही बोटीवर. घरी आलात ते कपाटात डोकं घालून बसायला. मासे मेल्यावर तीन दिवस सुतक पाळल्यासारखे बसलात. मी मेले असते तर एवढं बसला असता का?"

म्हाताऱ्याने बराच वेळ मान वर केली नाही. त्याला ऐकू आले नसेल, असे मला क्षणभर वाटले. पण त्याला सगळे ऐकू आले होते.

"प्लग काढ," तो म्हणाला. "नऊ वाजले. तुझी कामाची वेळ झाली."

त्या आठवड्यात त्याने बसल्या बसल्या सगळी टाकी सोडवली. दगडाच्या भोकात शंखातला खेकडा तेवढा जिवंत सापडला. तो, मी आणि बाकीचे सामान दुकानदाराने नेले. मुलगी आणि बाप त्या घरात अजून एकत्र राहतात. जेवण झाले का, औषध घेतले का, एवढेच बोलतात. महिन्याभरात तिच्या कंपनीने घरून काम बंद केले. ती आता पूर्ण दिवसाच्या कामाला सकाळी आठला बाहेर पडते आणि सातला परतते. दिवसभर त्या घरात कितीही आवाज झाला असता, तरी कोणी हरकत घेतली नसती.

मी या दुकानात मीठ कालवण्याच्या पिंपात असतो. दुकानदाराने माझ्या वायरला चिठ्ठी लावली आहे, 'जुना, एकदा बंद पडलेला'. गिऱ्हाईक ती वाचते आणि शेजारचा नवा पंप घेते. म्हाताऱ्याने दुकानदाराला खरे सांगितले नाही. मुलीचे नाव राखायचे म्हणून त्याने माझे जाऊ दिले. त्याचे मला वाईट वाटते आणि वाटतही नाही. मी त्याच्या जागी असतो तर काय केले असते, ते मला कळत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. घरातले यंत्र कुरकुरले तर बटणाकडे धावू नका. आधी झाकण उघडा, ते काय मागते आहे ते बघा. माणूस कुरकुरले तरीही तेच करा. त्या म्हाताऱ्याने ते केले नाही आणि त्याच्या मुलीनेही केले नाही. आणि हातून चूक झाली तर ती स्वतःच्या तोंडाने सांगा. आमच्या माथी मारू नका. आम्हाला तोंड नसते, म्हणून आम्ही ऐकून घेतो.