स्वयंपाकघरापर्यंत

सुगंधा परब मालिकांचं शीर्षकसंगीत करायची. तिचे वडील कोकणात दशावतारात पेटी वाजवत. खेळाआधी देवळासमोर त्यांनी तीन सूर धरले की वाडीतल्या बायका भांडी तशीच टाकून निघायच्या. सुगंधा म्हणायची, मीही तेच करते, फक्त टीव्हीतून.

तिची कुठलीही चाल मुलुंडच्या घरी पास झाल्याशिवाय स्टुडिओत जात नसे. तिचा नवरा लवू बाहेरच्या खोलीत बटण दाबायचा. ती आत कुकर चढवायची, नळ सोडायची, मिक्सर लावायची आणि कान देऊन उभी राहायची. एवढ्या गोंगाटातून चाल आत पोचली तर ठीक. नाहीतर आतूनच म्हणायची, "अहो, बंद करा. हिने कोण उठणार नाही." लवू विक्रोळीच्या कारखान्यात फिटर होता. त्याला सुरांतलं काही कळत नसे. बटण दाबून तो पेपर वाचायचा.

ती गेली तेव्हा शेवटच्या मालिकेचं काम अर्धं राहिलं होतं. ते तिच्या मदतनीसाने, सिद्धेशने पुरं केलं. एका दुपारी तो लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन घरी आला. चॅनेलवाल्यांना सुरुवातीची पेटी किरकोळ वाटत होती. ती काढून भरपूर व्हायोलिनं घाला, असं त्यांचं म्हणणं. सिद्धेशने दोन्ही तऱ्हा करून आणल्या होत्या. संध्याकाळपर्यंत एक पाठवायची होती आणि त्याला ठरवता येत नव्हतं.

"काका, तुम्ही सांगा."

"मला काय रे कळतंय त्यातलं? जन्मभर मी नुसतं बटण दाबलं."

"मग आज मी दाबतो ना. तुम्ही आत जा."

लवू उठला. ती गेल्यापासून तो चहापुरताच आत जात होता. त्याने कुकर चढवला, नळ सोडला, मिक्सरमध्ये खोबरं घालून तो चालू केला. मग वाट बघत राहिला. काहीच ऐकू येईना. सिद्धेशने अजून लावलं नसेल, असं त्याला वाटलं. म्हणून तो डाव विसळायला लागला.

पुढच्या क्षणी तो बाहेरच्या खोलीत उभा होता. हातात डाव, बोटांतून पाणी गळतंय, मागे मिक्सर तसाच चालू. आपण कधी निघालो ते त्याला आठवेना. स्पीकरमधून पेटीचा तिसरा सूर विरत होता.

"पहिलं वाजून संपलं, काका," सिद्धेश म्हणाला. "हे काकूंचं."

लवू खुर्चीच्या कडेला टेकला. इतकी वर्षं रोज संध्याकाळी कुठे कुठे, बोरिवलीत, गोराईत, कुणाकुणाच्या घरात बाया अशाच ओल्या हातांनी बाहेर आल्या असतील. त्या सगळ्यांना त्याच्या बायकोने हाक मारली होती. तो मात्र कायम याच खुर्चीत बसलेला. त्याला ती कधी ऐकूच आली नव्हती.

"हेच पाठव," तो म्हणाला. "पण आधी परत एकदा लाव. मी आत जातो."