खिडकीतली बाटली

माझ्या बोलण्यावर आमच्या घरातलं मांजरसुद्धा विश्वास ठेवत नाही. तरी ही गोष्ट ऐकाच.

माझा मेहुणा शिंपी. माणूस त्याच्या टाक्यासारखा सरळ. ढेरी उतरवायची म्हणून त्याने जेवण सोडलं आणि पोटात अशी कळ उठली की बिचारा गडाबडा लोळायचा. सोनोग्राफी साफ, रक्त साफ. अपेंडिक्स आधीच काढलेलं, पित्ताशयही. "आता पोट उघडूनच बघू," सर्जन म्हणाले. ऑपरेशन उद्यावर आलं. तिकडे शेजारी कुजबुजत होते, "सोंग हो, दुसरं काय!"

सकाळी तपासणीसाठी बाटलीत धरलेली त्याची लघवी माझ्या बहिणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, वॉर्डाच्या खिडकीत ठेवली आणि विसरली. दुपारी बघतो तर काय, पिवळ्या लघवीचं बीट उकळलेलं पाणी झालेलं!

"अगं, उन्हाने लाल झाली!"

"दादा, आज तरी थापा नकोत. तूच काहीतरी ओतलं असशील."

फेरीवर आलेले सर्जनही हसले. त्यांच्यासोबत आलेल्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत.

"आजोबा, परत सांगा."

उभ्या जन्मात मला कुणी 'परत सांगा' म्हटलं नव्हतं! मी मीठमसाला न लावता सांगितलं. अवघड गेलं.

"ऑपरेशन थांबवा," बाई म्हणाल्या. ताजा नमुना, उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळून, प्रयोगशाळेत गेला. संध्याकाळी उत्तर आलं: पोर्फिरिया.

"म्हणजे काय हो?" मेहुण्याने विचारलं.

"रक्तातला लाल रंग बनवायला शरीरात कारागिरांची रांग असते. त्यांना एन्झाइम म्हणतात. तुमचा एक कारागीर जन्मापासून अर्धंच काम करतो."

"म्हणजे काजं करणारा निम्मा दिवस दांडी मारतो, आणि त्याच्या टेबलावर बिनकाजाच्या सदऱ्यांचा ढीग!"

"अगदी! तो ढीग लघवीत उतरतो, उन्हात रंगतो. उपाशी राहिलात की आणखी वाढतो. घरात कुणाला असं दुखायचं?"

"आईला," मेहुणा हळूच म्हणाला. "सगळे तिला नाटकी म्हणायचे." मग डोळे पुसून म्हणाला, "नव्हती ती नाटकी."

साखरेचं सलाइन लागलं, औषध मिळालं, आणि कळ उतरली. पोटाला सुरी लागली नाही.

बहीण आता माझं सगळं खरं मानते. काल मी सांगितलं, घरी कुणी नसलं की मांजर फोन उचलतं. तिने दुकानातून खरंच फोन लावून पाहिला! मेहुणा पोट धरून हसत सुटला. बहीण धसकली, "दुखतंय का हो?"

"नाही गं," तो म्हणाला. "लाव, परत लाव फोन."