प्रदर्शनानंतर काढणे

दुरुस्तीला परत आलेल्या यंत्राबरोबर एक चिठ्ठी येते, आणि ती बहुतेक वेळा खोटी असते. ‘आपोआप बंद पडलं’ म्हणजे पाण्यात पडलं. ‘कुणी हात लावला नाही’ म्हणजे सगळ्यांनी लावला. म्हणून त्या सकाळी ‘दिवा लागतो, पण गॅस ओळखत नाही’ ही चिठ्ठी वाचून मी हसलेच.

यंत्र साबणाच्या वडीएवढं. बंद टाक्यांमध्ये उतरणारी माणसं ते छातीला अडकवतात. विषारी वायू किती आहे ते आकड्यात दाखवतं, वाढला तर किंचाळतं, आणि दर सेकंदाला हिरवा दिवा लुकलुकवून ‘सगळं ठीक आहे’ म्हणतं. त्याच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कुठलं काम केव्हा चालायचं हे ठरवणारा कोड, मी सांभाळते.

दिवा लुकलुकत होता. पडद्यावर शून्य. मी चाचणीच्या छोट्या सिलिंडरमधून वायू सोडला. शून्यच. पुन्हा सोडला. कुजक्या अंड्यांचा वास सुटला, शेजारच्या टेबलावर कुणीतरी खोकलं, तरी यंत्र आपलं शून्यावर ठाम.

केबल जोडून मी प्रोसेसर जागच्या जागी थांबवला आणि आत कोण काय करतंय ते पाहिलं. वायू मोजणारं काम नोंदी लिहिणाऱ्याची वाट बघत होतं आणि नोंदी लिहिणारं मोजणाऱ्याची. दारात दोन पाहुणे ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत अडावेत तसे दोघे चार दिवस अडलेले. पडद्यावरचं शून्य चार दिवस शिळं होतं.

अशा गाठी कोडमध्ये पडतात. त्या सोडवण्यासाठीच मला ठेवलंय. पण पडली गाठ, तर त्यासाठी चिपमध्ये वॉचडॉग असतो, आमचा राखणदार. दर दोन सेकंदांनी त्याला ‘मी जागा आहे’ असं कळवावं लागतं. नाही कळवलं तर तो सगळं यंत्र बंद करून नव्याने सुरू करतो. हे कळवायचं फक्त वायू मोजणाऱ्याने, तेही ताजा आकडा घेतल्यावरच, हा नियम माझाच. मग मोजणारा चार दिवस अडलेला असताना राखणदार गप्प कसा?

फाइल उघडली. ‘मी जागा आहे’ असं मोजणारा कळवतच नव्हता, चिपमधल्या घड्याळाचा ठोका कळवत होता. हिरवा दिवाही त्याच ठोक्यावर. बाकी सगळं अडलं तरी ठोका पडत राहतो. ही अक्कल कुणी पाजळली ते बघायला मी जुने बदल काढले. चांगल्या दोन-चार शिव्या तयार ठेवल्या होत्या. तारीख तीन वर्षांपूर्वीची, नाव माझं, शेजारी माझीच टीप: ‘तात्पुरतं. प्रदर्शनानंतर काढणे.’

मग आठवलं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नोंदींचं कार्ड भरत आलं आणि यंत्र सारखं नव्याने सुरू व्हायला लागलं. साहेब डोक्यावर उभे. मी राखणदाराला गप्प केलं, नवं कार्ड घातलं, आणि दुसऱ्या दिवशी टाळ्या घेतल्या. कार्ड भरत आलं की पडणारी गाठ तशीच राहिली. रोजच्या वापरात कार्ड भरायला साधारण तीन वर्षं लागतात.

पहिल्या खेपेच्या यंत्रांना आता तीन वर्षं होत आली होती. त्याच खेपेतलं एक यंत्र मी हट्टाने दादाला दिलं होतं.

दादा माझा थोरला भाऊ. तो टाक्या साफ करतो. पूर्वी कमरेला दोरी बांधून उतरायचा. दोरीचं दुसरं टोक वर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातात; त्यांना सगळे दोरीकाकाच म्हणतात. काकांनी दर दोन मिनिटांनी एक हिसका द्यायचा, दादाने खालून उत्तराचा एक. उत्तर आलं नाही की आधी ओढायचं, चौकशी नंतर. मी चेष्टा करायचे, “शेळीसारखा काय बांधून घेतोस?” यंत्र देताना तर ऐटीत सांगितलं होतं, “दिवा लुकलुकतोय तोवर तुला काही होत नाही. टाक ती दोरी माळ्यावर.”

मी दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आत उतरताना तो फोन डब्याच्या पिशवीत ठेवतो. दोरीकाका फोन वापरतच नाहीत. मग वहिनीला लावला.

“चामड्याच्या कारखान्यात गेलेत, मोठ्या टाकीवर,” वहिनी म्हणाली. “का गं? आवाज असा का येतोय?”

“यंत्र नेलंय आज?”

“नेलंय की. आता त्याच्याशिवाय उतरतात कुठे? दिवा चालू आहे म्हटलं की मीही निवांत असते. तूच सांगितलंयस ना.”

मी नंतर करते म्हणून फोन ठेवला.

साहेबांना टेबलापाशी आणून मी तोच प्रयोग दाखवला. त्यांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, “एका यंत्रावरून बोंब नको. आणखी दोन तपासू, सोमवारी पत्र काढू.”

“पहिल्या खेपेत दोनशे बारा यंत्रं गेलीत. ती माणसं आज उतरतायत.”

“रीस्टार्ट केलं की चालतं ना?”

“थोडा वेळ चालतं. म्हणून तर रोज सकाळी सुरू केल्यावर घेतलेली चाचणी पास होते.”

मी ग्राहकांची यादी छापून घेतली, सिलिंडर पिशवीत टाकला आणि निघाले. रजेचा अर्ज टाकून जा, असं काहीतरी ते मागून म्हणाले.

मी घाबरट नाही. पण स्कूटरला लावताना किल्ली तीनदा खाली पडली. रस्ता वीस मिनिटांचा. प्रत्येक सिग्नलला मी दादाला फोन लावला, आणि प्रत्येक वेळी तो डब्याच्या पिशवीत वाजत असलेला मला दिसला. त्या वायूचा वास आधी येतो आणि मग येईनासा होतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो. हे मला पाठ आहे, कारण यंत्राच्या माहितीपत्रकात ते मीच लिहिलंय.

टाकी कारखान्याच्या मागे, जमिनीत. तोंडाशी हवा आत सोडणारा पंखा घरघरत होता. दोरीकाका सावलीत चहा पीत बसले होते.

“काका, दादा कुठाय?”

“आत. झाला की अर्धा तास.”

“दोरी?”

त्यांनी भिंतीशी पडलेल्या वेटोळ्याकडे बोट दाखवलं. “तुझं यंत्र आल्यापासून कोण बांधतंय? मी आपला पंखा बघतो.”

मी तोंडाशी पालथी पडून हाका मारल्या. पंख्यापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना, आणि पंखा बंद करायची माझी छाती नव्हती. खाली काळोख. काळोखात हिरवा दिवा लुकलुकत होता, अगदी एका जागी. दुसऱ्या कुणीही तो बघून हुश्श केलं असतं. त्याच्यामागचा माणूस मेला असला तरी तो असाच लुकलुकेल, हे तिथे मला एकटीला माहीत होतं.

काका शिडीवर पाय ठेवायला लागले. मी त्यांचा दंड धरला. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, हेही मला पाठ होतं. मी दोरीचं टोक खाली सोडलं, हेलकावे दिले, हिसके दिले. काही नाही. परत हिसका. मी आकडे मोजायला लागले, वीसनंतर पुढे काय येतं तेच आठवेना. वहिनीला काय सांगायचं, एवढंच डोक्यात येत होतं.

मग दोरीला खालून हिसका बसला. एकच.

दादा वर आला तेव्हा मी रडत होते. तो पार पलीकडच्या कोपऱ्यात होता. चिखल लागतो म्हणून त्याने यंत्र शिडीला टांगलं होतं; शिडीकडे वळल्यावर त्याला दोरी हलताना दिसली. “डोकं जरा जड झालंय,” तो म्हणाला, “पण तुला काय झालं?”

मी त्याच्या यंत्रावर वायू सोडला. पंख्याचा वारा असूनही आम्हा तिघांना वास आला. पडद्यावर शून्य, दिवा चालू. दादाने यंत्र माझ्या हातातून घेतलं.

“कुणी केलं हे?”

“मी.”

त्याने कपाळ पुसलं, पाणी प्यायला, मग विचारलं, “अशी किती आहेत?”

“दोनशे बारा.”

“यादी?”

मी पिशवीतून काढून दिली. त्याने अर्धी पानं स्वतःकडे ठेवली. “आत असतील त्यांना लावू नकोस, ते उचलणार नाहीत. वर जो बसला असेल त्याला गाठ.”

पहिले दोन फोन वाजत राहिले. तिसरा एका बाईने उचलला. मी कुठून बोलतेय ते सांगितलं आणि तुमचा माणूस कुठे आहे म्हणून विचारलं.

“आत उतरलेत,” ती म्हणाली. “पण काळजी नाही. इथून दिसतोय ना, दिवा चालू आहे.”

“दिव्याकडे बघू नका,” मी म्हणाले. “तुम्ही उतरू नका. तिथे दोरी आहे का? टोक खाली सोडा, हिसका द्या. उत्तर येतंय का ते मला सांगा.”

तिने फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मी कानाशी फोन धरून थांबले.