दुपारीच गेलेली बातमी

जनसंपर्कवाल्यांच्या धंद्यात समारंभ संध्याकाळी होतो आणि त्याची बातमी दुपारीच निघते. 'सभागृह खचाखच भरले होते' हे वाक्य खुर्च्या मांडायच्या आधीच तयार असतं. पाणीपुरवठा विभागाच्या माहिती अधिकारी बाईंनी जनसंपर्क अधिकाऱ्यांच्या विभागीय परिषदेची बातमी अशीच दीड वाजता, जेवायच्या आधी, वर्तमानपत्राकडे धाडली. बातमी घरपोच येते म्हटल्यावर बातमीदार कशाला मरायला येतील? त्यात बाईंनी आपल्या निवृत्त साहेबांच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं: 'आयुष्यभर जनतेशी खरं बोललो, याचं समाधान वाटतं.' साहेबांची भाषणं वर्षानुवर्षं त्याच लिहीत आल्या होत्या. आता कंबर, डोळे आणि मन, तिन्ही कुरकुरत होती.

खरं बोललो म्हणे! अहो, कसलं खरं? अकरा वर्षांपूर्वी पाण्याच्या तपासणीचा अहवाल यायचा होता. बाई म्हणाल्या, "साहेब, एक दिवस थांबू या." साहेब म्हणाले, "पाणी शुद्ध आहे असं लिहा आणि द्या सोडून." बाईंनी लिहिलं, खाली सही ठोकली. आठवड्याभरात निम्मं शहर आजारी. बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी पंधरा दिवस सलाइनवर होती. चौकशीत साहेबांनी हात झटकले. "मजकूर बाईंचा," म्हणाले.

बढती गेली, ती गेली खड्ड्यात. पण धाकटीने बोलणं टाकलं ते आजतागायत. बाईंनी परोपरीने समजावून पाहिलं. "ताई, तुझी सही बघूनच तर पोरीला पाणी पाजलं मी," एवढंच ती म्हणाली. बाईंच्या शब्दावर तिचा विश्वास उरला नव्हता. छापून आलेल्यावर मात्र अजूनही होता.

चार वाजता साहेब परिषदेचा जीवनगौरव पुरस्कार घ्यायला उठले. मानचिन्ह टेबलावर ठेवलं, बाईंनी लिहून दिलेला कागद खिशात कोंबला आणि म्हणाले, "ती पाण्याची बातमी मी लिहायला लावली होती. बाई थांबा म्हणत होत्या. मी सगळं त्यांच्यावर ढकललं. माझं चुकलं."

बाईंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ज्या शब्दांसाठी जीव टांगणीला लागला होता, ते असे भर सभेत, माइकवर! टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारची औषध कंपनीवाली कानाशी लागली, "काय जबरदस्त माफी! कुणी लिहून दिली हो?"

बाई तडक जिन्यात गेल्या आणि उपसंपादकाला फोन लावला. "दादा, साहेबांचं म्हणणं बदलायचंय." नवे शब्द त्यांनी जसेच्या तसे सांगितले.

"ताई, हे तर तुमच्याच फायद्याचं आहे," तो म्हणाला. "तुमच्या सांगण्यावरून कसं छापू? त्यांना द्या फोन. त्यांनी हो म्हटलं की लावतो."

बरोबरच होतं त्याचं. साहेब चहाच्या टेबलापाशी उभे होते. बाईंनी फोन पुढे केला, काय ते सांगितलं. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"छापायला?" त्यांनी हात मागे घेतला. "अहो, इथे सगळी आपलीच माणसं. मन मोकळं केलं, हलकं वाटलं. पेपरात कशाला? सुनेच्या माहेरी वाचतात. आणि तुम्हीही आता सोडा की, किती दिवस तेच उगाळत बसणार?"

बाईंना राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण नव्हतं. या माणसाला हलकं वाटलं होतं आणि त्याच्या लेखी विषय संपला होता.

"ताई, देताय ना त्यांना?" फोनमधून आवाज आला.

"ते नको म्हणतात," साहेबांकडे बघतच बाई म्हणाल्या. "मग दुपारी पाठवलेलं वाक्यही काढा. तसं ते म्हणालेच नाहीत."

साहेब कावरेबावरे झाले. "अहो, निदान समाधान वाटतं, एवढं तरी राहू द्या!"

"कुणाला, साहेब?"

उत्तराची वाट न पाहता बाई परत जिन्यात गेल्या, पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाशी धरून ढसाढसा रडल्या. आत पुढच्या सत्राची घोषणा चालली होती. धाकटी उद्याही बोलणार नव्हती.